कमळाबाईंच्या चपला रांगेत

खिल्लारे सरांच्या सुखी संसारात घबराट उडवली ती एका मनी प्लॅंटने, आणि तोही स्वतःच्या घरातला नव्हे, खालच्या मजल्यावरच्या कॉनीच्या दारातला.

सिल्व्हर पार्कमधल्या त्यांच्या इमारतीला लिफ्ट नाही. लिफ्ट बसवावी की नाही यावर सोसायटीत इतक्या सभा झाल्या आहेत की तेवढ्या वेळात सभासदांनी आळीपाळीने एकमेकांना पाठुंगळी मारून वर नेलं असतं. सर तिसऱ्या मजल्यावर राहतात. उभा जन्म भाईंदरच्या एका शाळेत पीटी शिकवण्यात गेल्यामुळे ते जिना चढत नाहीत, जिन्यावर संचलन करतात. त्यामुळे कमळाबाई नेहमी मागे. दुसऱ्या मजल्यावर कॉनीच्या दाराशी आल्या की त्या थांबायच्या, कुंडीतल्या वेलाकडे बघायच्या आणि म्हणायच्या, किती छान पसरलाय हो हा. हे गेले कितीतरी महिने चाललं होतं. सर वरून टाळ्या वाजवत म्हणायचे, चल, चल, रेंगाळू नकोस. बायकोला या वयात झाडांचा नाद लागला याचं त्यांना कौतुकही वाटायचं.

एका सोमवारी कमळाबाई तशाच थांबल्या आणि म्हणाल्या, "बघा, नवं पान फुटलंय." त्या दिवशी सरांना काय बुद्धी झाली कोण जाणे, त्या घरात गेल्यावर ते पुन्हा खाली उतरले आणि पान पाहायला वाकले. पानावर धूळ होती. बोटाने पुसली तर खाली बारीक अक्षरात कंपनीचं नाव. वेल प्लॅस्टिकचा होता.

सर तिथेच जिन्यावर बसले. ज्या झाडाला पान फुटणं शक्य नाही त्याचं पान जी बाई बघते, ती झाड बघतच नाही, श्वास घेत असते, एवढं पीटीच्या मास्तरला कळतं. मुलं धावताना मध्येच थांबून बुटाची नाडी बांधायची तेव्हा त्यांची नाडी ते लगेच ओळखायचे. आणि स्वतःची बायको इतके महिने रोज नाडी बांधत होती तेव्हा हे वरून टाळ्या वाजवत होते. सर घाबरले. चांगलेच घाबरले.

रात्रीच्या जेवणात त्यांनी विषय काढला. मला काय धाड भरलीय, असं कमळाबाई म्हणाल्या. मग वाद झाला, भाकरी गार झाली आणि शेवटी तह झाला. तहाची कलमं कमळाबाईंनी सांगितली. दाखवायचं तर डॉक्टर समिधाबाईंना, कारण त्या बाई आहेत आणि उठसूट मोठ्या हॉस्पिटलात पाठवत नाहीत. दवाखान्यात ताटकळत बसणार नाही, नंबर लावून बोलवायला या. आणि हे सगळं शनिवारपर्यंत, कारण रविवारी सकाळी नाशिकला निघायचं. लेक मिनलचे दिवस भरत आले होते. पहिलटकरीण, चौथा मजला, आणि तिथली लिफ्ट बिघडलेलीच. "शनिवारपर्यंत नंबर लागला तर येते," कमळाबाई म्हणाल्या, "नाही लागला तर पुन्हा माझ्या दमाचं नाव काढायचं नाही."

सरांना वाटलं, पाच दिवसांत एक नंबर. त्यात काय आहे. इथेच ते चुकले.

मंगळवारी सकाळी नऊच्या ठोक्याला त्यांनी दवाखान्याला फोन लावला. एक बाई हिंदीत म्हणाली की तुम्ही रांगेत आहात, कृपया प्रतीक्षा करा. रांग हा शब्द ऐकताच सर खुर्चीतून उठून ताठ उभे राहिले. रांगेवर त्यांची श्रद्धा आहे. माणूस रांगेत शिरला की त्याचा नंबर येतोच, फक्त धक्काबुक्की करायची नाही, असं त्यांनी हजारो पोरांना सांगितलेलं. ते बराच वेळ कानाला फोन लावून सतार ऐकत उभे होते. मग सतार बंद पडली, दवाखान्यातली ट्रिशा आली आणि म्हणाली, "अंकल, आजचे नंबर फुल. उद्या ट्राय करा." सरांनी विचारलं की मी रांगेत होतो त्याचं काय? त्यावर फोन ठेवल्याचा आवाज आला.

चेअरमनच्या बायकोने, आशाताईंनी, सल्ला दिला की फोन आता कोण करतं, ॲपवर घ्या. सरांनी ॲपवर घेतलं. नाव, वय, तक्रार सगळं भरलं आणि शेवटी ओटीपी गेला तो नाशिकला मिनलच्या फोनवर, कारण हे खातं गेल्या दिवाळीत तिनेच उघडून दिलं होतं. अर्ध्या मिनिटात तिचा फोन. बाबा, डॉक्टर कुणाला हवाय, काय झालंय? दिवस भरलेल्या पोरीला आईच्या दमाचं सांगायचं नाही एवढं भान सरांना होतं, पण खोटं बोलायचा सराव नव्हता. समोर हात दिसला म्हणून ते म्हणाले, "मला दाखवायचंय. अंगठा." मिनलने ताबडतोब आईला व्हिडिओ कॉल केला. कमळाबाईंनी नवऱ्याचा धडधाकट अंगठा उलटसुलट करून पाहिला, मुका मार असेल म्हणाल्या आणि त्यावर गरम हळदीचा लेप लावून फडकं बांधलं. अंगठ्याला काही झालेलं नाही असं सांगितलं की मग ॲप कशाला उघडलं हे सांगावं लागणार, आणि मिनलला कळणार. ती रोज व्हिडिओवर अंगठा बघायला मागायची, म्हणून सर आठवडाभर ते फडकं बांधून हिंडले. त्या अंगठ्याने फोनचं बटणही दाबलं जाईना.

बुधवारी कॉनीने त्यांना जिन्यातच गाठलं. कॉनी मूळची उत्तनची, लग्न होऊन इथे आलेली, आणि अडल्यानडल्याला धावणारी. तिच्या कुंडीकडे सरांना आता बघवत नव्हतं. ती म्हणाली, "सर, फोन करून काय व्हनार न्हाय. माजी नणंद त्या डॉक्टरीणीच्या घरी मासळी देते. ती बोलली का काम झालंच समजा. ओळख हाय तर वापरायची." वशिला लावायचा या कल्पनेनेच सरांचे कान तापले. पण त्यांना जिन्यातला तो थांबा आठवला, आणि ते गेले उत्तनला. नणंदेने आदरसत्कार केला, चहा दिला, सरांच्या शाळेत तिचा भाचा होता हे निघालं, तो किती वांड होता हेही निघालं. नंबराचं विचारल्यावर ती म्हणाली की डॉक्टरीणबाई श्रावण पाळतात, तवा सध्या तिकडं जाणं न्हाय. सर परत आले ते सुक्या बोंबलांचं हे एवढं पुडकं घेऊन, कारण ती पैसे घेईना आणि नको म्हटलेलं ऐकेना. बोंबलांचा वास तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या आधी पोहोचला.

गुरुवारी ते थेट दवाखान्यावर धडकले आणि तिथे त्यांना खरी व्यवस्था कळली. फोन आणि ॲप ही वरवरची शोभा. खरे नंबर लागतात ते चपलांनी. दवाखाना एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. भल्या पहाटे लोक येतात, बंद शटरसमोर आपल्या चपला रांगेत काढून ठेवतात आणि अनवाणी किंवा दुसरी जोडी घालून घरी जातात. शटर उघडायच्या सुमाराला परत येतात आणि आपापल्या चपलेत पाय घालून उभे राहतात. कुणी कुणाची चप्पल हलवत नाही. सरांना हे फारच आवडलं. माणसाविना रांग म्हणजे धक्काबुक्की नाही, कुजबुज नाही. त्यांना शाळेत हे सुचलं नाही याची हळहळ वाटली.

शुक्रवारी पहाटे त्यांनी आपल्या चपला नेऊन ठेवल्या. चांगला पुढचा नंबर होता. शटर उघडलं, ट्रिशाने पेशंटचं नाव विचारलं, मग वाकून चपला पाहिल्या. "अंकल, पेशंट लेडीज आणि चप्पल जेंट्स? असं नाही चालत. पेशंटचीच चप्पल पाहिजे, आणि नंबर आला की पेशंटने त्यात पाय घालायचा." हा नियम लोकांनीच केला होता. मागे एका गृहस्थाने घरातल्या झाडून सगळ्या जुन्या चपला आणून मांडल्या होत्या आणि त्या जागा नातेवाइकांना वाटल्या होत्या, तेव्हापासून. नियम बरोबर आहे हे सरांना पटलं, हेच वाईट झालं. नियम चुकीचा असता तर भांडता तरी आलं असतं. ते फडकं बांधलेल्या हातात चपला घेऊन घरी आले. जिन्यात कमळाबाई भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या आणि कॉनीच्या वेलाला म्हणत होत्या की पाणी कमी पडतंय बहुतेक. सरांनी पिशवी घेतली.

राहिला शनिवार.

कमळाबाईंना विचारून चपला न्यायच्या म्हटलं तर त्या देणार नाहीत, याची खात्री होती. रस्त्यावर माझ्या चपला मांडणार, चारचौघांत, कुत्री हुंगणार, असं त्या नक्की म्हणाल्या असत्या. नवी जोडी नाशिकसाठी घेतलेली, ती बॅगेच्या तळाशी. दाराबाहेरच्या मांडणीत रोजच्या मरून चपला होत्या, एकीचा अंगठा चांभाराने निळ्या दोऱ्याने शिवलेला. शनिवारी पहाटे सरांनी स्वतःच्याच घराबाहेरून बायकोच्या चपला उचलल्या आणि काखेत मारून जिना उतरले. आयुष्यात पहिल्यांदा ते चवड्यांवर चालले. शटरसमोर चपला ठेवल्या. पुढे थोड्याच होत्या. सर समाधानाने समोरच्या टपरीवर चहा घ्यायला गेले. शटर उघडायच्या आधी घरी जायचं, कमळाबाईंना घेऊन यायचं, असा बेत होता.

आता इथे महिपतची ओळख करून द्यायला हवी. महिपत हा दवाखान्याच्या इमारतीचा नवा वॉचमन. परभणीकडून येऊन त्याला आठवडाही झाला नव्हता आणि ही त्याची पहिलीच सकाळची पाळी. गावाकडे बुद्धपौर्णिमेला विहाराबाहेर लोकांच्या चपला नीट लावून ठेवायची सेवा तो लहानपणापासून करायचा. इथे पाहतो तर येण्याजाण्याच्या वाटेवर चपलांचा लांबलचक पसारा, एक इकडे तोंड करून, एक तिकडे. कुठेतरी कार्यक्रम असणार असं समजून त्याने मनापासून सगळ्या चपला उचलल्या. बायकांच्या एकीकडे, पुरुषांच्या एकीकडे, लहान पुढे, मोठ्या मागे, अशा भिंतीला लावून देखण्या ओळी केल्या.

सर चहा पिऊन आले तेव्हा शटरसमोर लोक जमले होते आणि बाजार भरला होता. प्रत्येक जण पहिला होता. कुणी हिंदीत ओरडत होतं, कुणी गुजरातीत, आणि महिपत मध्ये उभा राहून सगळ्यांना एकच सांगत होता, मी फक्त नीट लावल्या हो. सरांनी त्या ओळींकडे पाहिलं. असं सुबक काम त्यांनी फार वर्षांत पाहिलं नव्हतं. रागवायला त्यांचं मन होईना.

मग त्यांनी किल्ल्यांच्या जुडग्यातली शिट्टी तोंडात घातली.

ती शिट्टी भाईंदरच्या दोन पिढ्यांनी ऐकलेली आहे. गर्दीतले निम्मे लोक का गप्प झाले हे त्यांनाही कळलं नाही. सर म्हणाले, आपल्यापुढे कोण माणूस होता हे कुणाला ठाऊक नसेल, पण आपल्यापुढे कुठली चप्पल होती हे प्रत्येकाला आठवतंय, होय ना? आठवत होतं. चप्पल ठेवताना माणूस पुढची चप्पल बघतोच. सरांनी एकेकाला विचारत साखळी जोडली. मी सोनेरी सॅंडलच्या मागे. सोनेरी सॅंडल कोण? मी, आणि माझ्यापुढे कोल्हापुरी. असं करत करत रांग सापडली, आणि तिच्या टोकाला एक म्हातारे गुजराती काका निघाले, निळ्या स्लीपरवाले, ज्यांच्यापुढे फक्त शटर होतं. महिपत चपला आणून देत होता, लोक पाय घालत होते. ज्या चपलांत पाय घालायला माणूस नव्हता अशा दोन जोड्या सरांनी स्वतः उचलून बाजूला ठेवल्या. एक जण म्हणाला की वडील येतीलच, घर जवळच आहे. सर म्हणाले, नियम म्हणजे नियम. ट्रिशाने शटर वर केलं आणि समोर शांत, सरळ रांग बघून तिला वाटलं आपण चुकीच्या दवाखान्यात आलो.

तेवढ्यात निळ्या स्लीपरवाले काका वळून म्हणाले, "सर, ये मरून चप्पल किसका है?"

रांगेत पुढेच, सोनेरी सॅंडलच्या मागे, एक जागा रिकामी होती. तिथे दोन मरून चपला शेजारी शेजारी होत्या, एकीचा अंगठा निळ्या दोऱ्याने शिवलेला. सरांच्या तोंडातली शिट्टी गळली. इतरांची रांग लावण्याच्या भरात ते घरी जायचंच विसरले होते. माझ्या मिसेसच्या आहेत, त्या घरी आहेत, जवळच आहे, असं त्यांनी सांगितलं आणि सांगतानाच आपण काय सांगतोय ते त्यांना कळलं. मघाचा तो माणूस, ज्याचे वडील जवळच राहत होते, सरांकडे बघत होता. कुणी भांडलं असतं तर बरं झालं असतं.

सर वाकले. हा शेवटचा शनिवार होता. उद्या ती बॅग घेऊन नाशिकच्या चार मजल्यांवर जाणार आणि तिथल्या कुठल्याशा कुंडीपाशी थांबणार, आणि वर तिचा हात धरायला कुणी नसणार. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी चपलेला हात घातला.

तर समोर पांढरे कॅनव्हासचे बूट येऊन उभे राहिले. पीटीचे. त्यांचे स्वतःचे.

घरी असं झालं होतं. कमळाबाई दूध आणायला बाहेर पडल्या तर मांडणीत चपला नाहीत. त्यांनी कॉनीला सांगितलं, कॉनीने सोसायटीच्या ग्रुपवर चोरी जाहीर केली, निळ्या दोऱ्यासकट वर्णन दिलं, आणि मॅन्युएलला, म्हणजे आपल्या नवऱ्याला, गच्चीवर तपासाला पाठवलं. एवढ्यात आशाताईंनी फोटो टाकला. त्या स्वतः नंबर लावायला दवाखान्यावर होत्या. ह्या का, म्हणून त्यांनी विचारलं. त्याच, म्हणाल्या कमळाबाई. नवी जोडी बॅगेच्या तळाशी, म्हणून त्यांनी हाताला लागले ते नवऱ्याचे बूट चढवले आणि चोराला रंगेहाथ पकडायला तडक निघाल्या. चोर समोर वाकलेला होता.

"माझ्या चपला..." त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. "इथं काय..." पुन्हा थांबल्या. पुढचं वाक्य येईना. त्यांनी छातीवर हात ठेवला. इथे बघायला कुठलं झाड नव्हतं. सगळ्यांनी त्यांचा श्वास ऐकला.

सरांनी अंगातली सगळी शिस्त गुंडाळून त्यांना धरलं. नंबर लावला होता तुझा, ते म्हणाले, पेशंटचीच चप्पल लागते, तुला विचारलं नाही, चुकलो. कमळाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं, मग शांतपणे बूट काढले आणि आपल्या चपलांत पाय घातले. नियम पुरा झाला.

निळ्या स्लीपरवाले काका म्हणाले, "बेन, पहेला तमे जाव." सगळी रांग हो म्हणाली. पण कमळाबाईंनी मान हलवली. "नाही. मधे नाही घुसायचं. सरांची बायको आहे मी. नंबरानं जाईन."

सरांना त्या क्षणी बायकोचा इतका अभिमान वाटला आणि इतका राग आला की दोन्ही एकत्र कुठे ठेवावं ते कळेना. रांग मोडणार नाही ही त्यांचीच शिकवण. आणि ती रांगेत उभी राहणार, दम खात, मघाच्या सोनेरी सॅंडलमागे. त्यांनी एकदा शटरकडे पाहिलं आणि शिट्टी फुंकली.

"सावधान," ते म्हणाले. रांग ताठ झाली. "आमच्या मिसेस सोडून बाकी सगळे. एक कदम पीछे."

आणि काका कमळाबाईंना वळसा घालून मागे आले, कोल्हापुरी मागे आली, सोनेरी सॅंडल मागे आली, सगळी रांग आवाज न करता मागे सरकली. "और एक." पुन्हा सरकली. कमळाबाई होत्या तिथेच उभ्या होत्या, एक पाऊलही पुढे न टाकता, आणि त्यांच्यापुढे आता फक्त दवाखान्याचं दार होतं. मघाच्या त्या माणसाने सगळ्यात मोठं पाऊल मागे टाकलं हे सरांनी पाहिलं. त्यांनी जाऊन त्याच्या वडिलांच्या चपला पुन्हा रांगेत ठेवल्या.

डॉक्टर समिधाबाईंनी डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या, नखं पाहिली, छाती तपासली, तिथल्या तिथे कार्डिओग्राम काढला. सगळं झाल्यावर कमळाबाईंनी एकच विचारलं. "बाळाला उचलता येईल ना मला? म्हणून मी कुणाला सांगत नव्हते. हार्टचं निघालं तर हातात देणार नाहीत." सरांना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी फडकं बांधलेल्या हाताने नाक पुसलं.

हृदय उत्तम आहे, डॉक्टर म्हणाल्या, रक्त फार कमी झालंय. तपासण्या लिहून देते, गोळ्या सुरू करा, रिपोर्ट आले की बघू. नाशिक एक आठवडा पुढे ढकला आणि मुलीला खरं काय ते सांगा. बाळ उचलायला काही हरकत नाही, जुळं झालं तर दोन्ही उचला. मग त्यांनी सरांकडे वळून विचारलं की अंगठ्याला काय झालंय. काही नाही, सर म्हणाले, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा खरं बोलले.

घरी परतताना सर सवयीने जिन्यावर पुढे झाले. दुसऱ्या मजल्यावर मागची पावलं थांबली. ते दोन पायऱ्या वर होते. त्यांनी वळून पाहिलं. कॉनीची कुंडी जागेवर होती, पण कमळाबाई तिच्याकडे बघत नव्हत्या.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "दम लागलाय."

सरांनी कठडा धरला.

"आणि तो वेल प्लॅस्टिकचा आहे," कमळाबाई म्हणाल्या. "मला काय कळत नाही?"

सर दोन पायऱ्या मागे उतरले आणि त्यांच्या शेजारी उभे राहिले.